दुधाचे दिवस

बसथांब्यावर अनोळखी माणूस आपणहून बोललं, की साइमीला पहिल्यांदा वाटायचं, कुठेतरी आग लागली. एरवी कशाला कोण बोलेल? बाजारचौकातल्या त्या थांब्यावर माणसं दोन-दोन हात अंतर राखून उभी राहतात. पाऊस आला तरी छपराखाली शिरत नाहीत, कारण छपराखाली आधीच एकजण असतो. तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या लख्ख दुपारी साइमी त्या रांगेत आखूड स्कर्ट घालून उभी होती आणि मनातल्या मनात गात होती. स्कर्टाचं मुद्दाम सांगायला हवं. सहावीत व्यायामाच्या तासाला एका मुलानं तिला ‘करकोचा’ म्हटलं होतं, आणि तेव्हापासून चार वर्षं तिनं आपले पाय जगाला दाखवले नव्हते. जुलैतसुद्धा लांब पँट. आणि मग ह्या उन्हाळ्यात, मावशीच्या बेटावर, मेंढ्यांमागे धावताना, धक्क्यावरून पाण्यात उड्या टाकताना, केव्हातरी ते संपलं. कसं संपलं हे तिला सांगता आलं नसतं. एका सकाळी आरशात पाहिलं तर तिथे दोन लांब पाय होते, उन्हानं रापलेले, ओरखडे उठलेले, आणि ते तिचे होते आणि चक्क तिला आवडले. करकोचा तर करकोचा! करकोचे उडतात, म्हटलं. शाळा सुरू झाल्यावर वर्गात पहिल्या दिवशी तिनं तीनदा हात वर केला होता. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून पुसला होता.

“माफ कर हं,” मागून आवाज आला. “तुझ्या गुडघ्यामागे ते काय आहे?”

साइमी वळली. साठीच्या एक बाई. हातात पिशवी, पिशवीतून बीटची पानं बाहेर आलेली. बाईंचा चेहरा आपल्याच धाडसानं लाल झाला होता. रांगेतली बाकीची सगळी माणसं एकदम आपापल्या फोनमध्ये घुसली.

“काही नाही,” साइमी म्हणाली. “सौनात डहाळ्यांची जुडी लागलीय.”

“कधी?”

“शनिवारी. म्हणजे… त्याच्या आधीच्या शनिवारीपण.”

“जुडीचा वळ झोपायच्या आत उतरतो, पोरी,” बाई म्हणाल्या. “हा गोल आहे. आणि मधे फिकट पडलाय. डॉक्टरला दाखव. आजच दाखव.” आणि मग त्यांची बस आली, दार उघडलं, बाई चढल्या, दार बंद झालं. त्यांनी खिडकीतून एकदाही मागे पाहिलं नाही. एवढं बोलणं त्यांना वर्षभर पुरणार असावं.

साइमी थांब्यावरच उभी राहिली. तिची बस आली आणि गेली. मान वळवून, एक पाय उचलून, खरोखरीच करकोच्यासारखी, ती आपल्या गुडघ्यामागे बघायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते पुरतं दिसत नव्हतं. शरीरावर किती जागा अशा असतात, की ज्या आपल्या असून आपल्याला कधीच दिसत नाहीत! फक्त दुसऱ्यांना दिसतात. तिला उगाच वाटलं, की त्या जागेवर आत्ता काहीतरी गरम झालंय. पाच मिनिटांपूर्वी तिथे काहीच नव्हतं, आणि आता सगळं शरीर त्या एका चट्ट्याला चिकटून उभं होतं. आणि मग सौनाचे, त्या लाकडी वाफेच्या खोलीतले, एकेक शनिवार आठवत गेले. बर्चच्या ओल्या डहाळ्यांची जुडी, तिचा तो हिरवा, किंचित कडवट वास, दगडांवर पाणी ओतल्यावर कानापर्यंत चढणारी वाफ, आणि वरच्या बाकावर ती, आई आणि मावशी, एकमेकींच्या पाठीवर, पोटऱ्यांवर जुडीचे सपकारे मारत, हसत. “अगं, हळू मार, बघ पोरीला केवढा वळ उठलाय,” आई म्हणाली होती. मावशी म्हणाली होती, “माझ्याकडे बघू नकोस, तूच मारलंस.” तीन शनिवार! तीन शनिवार तिघीजणी त्या चट्ट्याकडे पाहून एकमेकींवर आळ घेत होत्या, आणि चट्टा आपला निवांत पसरत होता. सौनात सगळ्यांचीच कातडी लालभडक, ठिपक्याठिपक्यांची झालेली असते. तिथे एक लाल गोल कोण वेगळा काढणार? आणि गोचीड तर कुणी पाहिलीच नव्हती. बेटावर रोज एखादी निघायची, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या पोटावर, चिमट्यानं ओढून चुलीत टाकायची आणि जेवायला बसायचं. ज्या दिसल्या त्या सगळ्या काढल्या. न दिसलेली पोट भरून कधीच निघून गेली होती.

डॉक्टर हेग्लुंड तरुण होते आणि त्यांच्या मोज्यांवर मासे होते. त्यांनी साइमीला खिडकीकडे पाठ करून उभं केलं, चट्ट्याकडे पाहिलं आणि जवळजवळ आनंदानं म्हणाले, “वा. अगदी पुस्तकातला.” असं कुणी कौतुक केलं, की माणसाला उगाच बरं वाटतं. साइमीलाही क्षणभर वाटलं, की आपण काहीतरी चांगलं करून दाखवलंय.

“लाइम,” डॉक्टर म्हणाले. “गोचिडीच्या चाव्यानं होतो. वेळेवर सापडलाय.”

“रक्त नाही तपासणार?” आईनं विचारलं. आई जहाजांच्या कारखान्यात पाइपांचे नकाशे काढते, मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नाही.

“इतक्या लवकर रक्तात काही सापडेलच असं नाही. चट्टा स्वतःच बोलतोय, तर रक्ताला कशाला विचारायचं? डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे.”

“आणि त्यापेक्षा जास्त घेतल्या तर जास्त बरी होईन?” हे साइमीनं विचारलं. नवं धाडस होतं ना अंगात, तोंड गप्प बसत नव्हतं.

“जास्त घेतल्यास तर जास्त गोळ्या घेतल्या, एवढंच होईल,” डॉक्टर म्हणाले. “चट्टा हळूहळू जाईल. थोडा थकवा रेंगाळला तर घाबरू नकोस, शरीराला आवरायला वेळ लागतो. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, सांधा सुजला, ताप आला, तर मात्र ये. आणि उन्हात फार फिरू नकोस, ह्या गोळ्यांनी कातडी भाजते.”

उन्हात फिरू नकोस! जिथे सूर्य म्हणजे पाहुणा, आला की सगळं गाव कामं टाकून नदीकाठी त्याच्याकडे तोंड करून बसतं, तिथे साइमी भिंतीच्या सावलीसावलीनं शाळेला जायला लागली. नुप्पू, तिची बाकावरची मैत्रीण, दुसऱ्या बाजूनं उन्हातून चालत ओरडायची, “ए वटवाघळे! आज कुणाचं रक्त प्यालीस?” “तुझं पिणार होते,” साइमी ओरडायची, “पण त्यात नुसता चहाच निघाला!” आणि ती खरंच मजेत होती. घरी आईनं निळं बॉलपेन घेऊन चट्ट्याभोवती रेघ ओढली होती, अगदी पाइपाचं तोंड आखावं तशी, म्हणजे वाढतोय की आकसतोय ते कळेल. आणि तो आकसत होता! चार दिवसांत रेघ आणि लाली यांच्यामध्ये पांढरी जागा पडली होती. साइमीला त्या पांढऱ्या जागेचं इतकं कौतुक, की आईला सांगून तिनं फोनवर फोटो काढून घेतला आणि तो ती तासाच्या मधे बघायची. तिच्या आत कुणीतरी काम करत होतं, शांतपणे, तिला न सांगता. ती मराठी असती तर म्हणाली असती, देव पावला. पण ती फिनिश होती, म्हणून तिनं फक्त “बरं चाललंय” एवढंच म्हटलं.

आणि मग आला गुरुवार. गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप असतं आणि वर जाम घातलेलं धिरडं. नुप्पूनं नेहमीसारखे दोन पेले भरून आणले, दुधाचे, आणि एक साइमीपुढे सरकवला. त्या दिवशी साइमीला सकाळी उशीर झाला होता, म्हणून गोळी तिनं दप्तरात टाकून आणली होती. तिनं ती तोंडात टाकली, पेला उचलला, घोट घेतला, आणि तो घोट घशाखाली उतरत असतानाच औषधाच्या दुकानातल्या मुलीचा आवाज कानात आला. ती मुलगी सहा दिवसांपूर्वी काउंटरवर म्हणाली होती, दुधाबरोबर घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर ठेव. साइमी म्हणाली होती, हो हो. ‘हो हो’ म्हणताना ती काउंटरवरच्या ओठांच्या मलमाच्या नळ्या बघत होती.

“काय झालं?” नुप्पू म्हणाली. “भूत पाहिलंस?”

“मी रोज दुधाबरोबर घेतेय.”

“मग? आपण सगळं दुधाबरोबरच घेतो.”

तेच तर! सकाळी वाटीभर विरजलेलं दूध, रात्रीच्या जेवणाला दुधाचा पेला, त्याशिवाय जेवण म्हणजे जेवणच वाटत नाही. लहानपणी गोळी गिळायची म्हणजे दुधानंच, ती घशाला खरखरत नाही म्हणून. तिला दूध दिसलंच नव्हतं. पाणी माशाला दिसत नसेल तसं. ती सूप सोडून उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि बोटांवर दिवस मोजायला लागली. म्हणजे हे दिवस? हे सगळे दुधाचे दिवस, ते धरायचे की नाही? दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे, त्यातून एवढे वजा झाले तर उरले किती? आणि जे काम आत चाललंय असं वाटत होतं, ते चाललंय की मधेच अर्धवट टाकून कामगार घरी गेलेत?

तिनं दवाखान्यात निरोप ठेवला होता. डॉक्टरांनी संध्याकाळी उलटा फोन केला तेव्हा ती जिन्यातच बसली होती, घरात शिरायचं राहूनच गेलं होतं. “दुधानं औषध थोडं कमी शोषलं जातं,” डॉक्टर म्हणाले. “थोडं. सगळं वाया जात नाही. चट्टा आकसतोय ना? मग औषध पोचतंय. आता पाण्याबरोबर घे आणि ठरल्या दिवशी थांब.”

“पुढे वाढवायच्या नाहीत?”

“नाही.”

“एकसुद्धा दिवस?”

“एकसुद्धा नाही, साइमी.” आणि मग जरा थांबून ते म्हणाले, “चांगलं केलंस विचारलंस ते.”

तिनं आभार मानले, फोन ठेवला आणि दहा मिनिटं तिला अगदी हलकं वाटलं. अकराव्या मिनिटाला तिला मावशी आठवली.

राकेलमावशी आईची थोरली बहीण. बेटावर एकटी राहते, मेंढ्या पाळते, लोकर रंगवते. मावशी हसली की तिच्या तोंडाचा उजवा कोपरा वर जातो आणि डावा जरा मागे राहतो, जणू तो अजून विनोद समजायची वाट बघतोय. लहानपणी साइमीला वाटायचं, हसायची रीतच अशी आहे. ती आरशापुढे बसून तसं हसायला शिकली होती आणि एकदा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना हसून दाखवलं होतं. आई एकदम उठून बेसिनकडे गेली. मावशी मात्र म्हणाली, “वा, माझ्यापेक्षा छान जमलंय.” नंतर केव्हातरी कळलं, की साइमी तीन-चार वर्षांची असताना मावशीला लाइम झाला होता आणि तो कुणाला कळलाच नव्हता. थकवा, मग गुडघा, मग एका सकाळी अर्धा चेहरा झोपलेलाच राहिला. तेव्हा कुठे उपचार झाले. चेहरा बराचसा परत आला. पण थकवा गेला नाही, डोक्यात धुकं राहिलं, आणि इथले डॉक्टर म्हणाले, आता जंतू नाहीत, आता हळूहळू. मावशीला ते ‘हळूहळू’ सोसलं नाही. समुद्रापलीकडे एक डॉक्टर होता, तो म्हणाला, जंतू लपलेत, गोळ्या घेत राहा. ती महिनोन्‌महिने घेत राहिली. शेवटी पोट इतकं बिघडलं की इस्पितळात ठेवावं लागलं. घरात त्याबद्दल बोललं जात नाही. म्हणजे कुणी मनाई केलेली नाही, पण बोललं जात नाही.

साइमीचं निदान झालं त्या दिवशी आईनं मावशीला फोन लावून साइमीच्या हातात दिला होता. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, मागे एक मेंढी. मग मावशीनं विचारलं, “किती दिवसांच्या दिल्या?”

“दोन आठवडे.”

“बस्स?”

तेवढाच एक शब्द. आणि तो शब्द गिळलेल्या काट्यासारखा साइमीच्या घशात राहिला होता. तिला तेव्हा तो जाणवला नव्हता. आता दुधाच्या दिवसांपाशी येऊन तो टोचायला लागला. बस्स? रोज संध्याकाळी मावशीचा फोन यायला लागला. कशी आहेस, डोकं दुखतं का, जिना चढताना काय होतं? साइमीनं एकदा भोळेपणानं तिला दुधाचं सांगून टाकलं. “बघ!” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, साइमीला नाव देता येईना असं, जवळजवळ ओढ. “बघ, मग तुझ्या गोळ्या पुरणारच नाहीत. माझ्याकडे आहेत. बंद पाकिटं आहेत, चांगली आहेत. संपल्या की ये.”

शेवटची गोळी घेतली त्या सकाळी साइमीनं पेलाभर पाणी पिऊन पाकीट हातात चुरगाळलं आणि तिला वाटलं होतं, की आपण नाचू. ती नाचली नाही. ती स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःकडे कान लावत होती. आईची निळी रेघ अंघोळींनी पुसट झाली होती आणि रेघेच्या आत आता नुसती कातडी होती, जरा तपकिरी, जरा थकल्यासारखी. ते दिसत होतं. पण न दिसणाऱ्याचं काय? गोळ्या होत्या तोवर कुणीतरी पहाऱ्यावर होतं. आता पहारा उठला होता. शाळेत धावण्याच्या तासानंतर गुडघे दुखले. धावल्यानं दुखले की त्यानं? आधी ती म्हणायची, “दुखतंय”. आता तिला वाटायचं, दुखणं काहीतरी सांगतंय. जिना चढताना तिचं लक्ष पायऱ्यांऐवजी स्वतःच्या गुडघ्यांकडे असायचं. नुप्पू म्हणाली, “तू हल्ली अशी चालतेस, जसं काही पायांवर काचेचं सामान ठेवलंय.” साइमी हसली, आणि हसताना चटकन खिशातला फोन काढून त्याच्या काळ्या काचेत बघितलं, दोन्ही कोपरे वर जातात ना. एवढ्या कष्टानं मिळालेले ते दोन पाय, आत्ता कुठे तिचे झालेले, पुन्हा परके व्हायला लागले होते. ह्या वेळी तर कुणी चिडवलंही नव्हतं. आणि हेच तिला सगळ्यात झोंबत होतं. मावशीच्या चार-सहा दिवसांच्या गोळ्या घेतल्या तर दुधाचे दिवस भरून निघतील, हिशेब पुरा होईल, मावशी खूष होईल, आणि आपल्याला आपले पाय परत मिळतील. किती सोपं! डॉक्टर नाही म्हणाले होते. पण डॉक्टरांना थोडंच मावशीसारखं हसावं लागतं?

रविवारी ती बेटावर गेली. आधी बस, मग पिवळी फेरीबोट, मग मावशीची जुनी गाडी, तिच्यात ओल्या लोकरीचा वास. मावशीनं सामन माशाचं सूप केलं होतं, शेपू घालून, दूध घालून, आणि वाडगा पुढे करताना म्हणाली, “खा, आता तर दूध चालतं ना!” दोघी हसल्या. मग, घड्याळात बघून दुधाचे दोन तास उलटल्यावर, मावशीनं कपाटातून एक कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवली. त्यात पाकिटं होती, नीट रबर लावलेली. एवढी असतील असं साइमीला वाटलं नव्हतं. एखाद्यानं हिवाळ्यासाठी लाकडं रचून ठेवावीत, तसं मावशीनं हे रचून ठेवलं होतं. मावशीनं एक पाकीट सोडवलं. “ही बघ, तीच आहेत. तारीख केव्हाच उलटलीय, पण त्यानं काही होत नाही. आत्ताच एक घे. पाण्याबरोबर.” तिनं स्वतः पाणी ओतून आणलं.

साइमीनं चांदीच्या कागदातून एक गोळी तळहातावर काढली. ती खूप हलकी होती. टेबलाच्या पलीकडून मावशी तिच्या तोंडाकडे बघत होती, लहान बाळाला भरवताना आया बघतात तशी, स्वतःचंच तोंड किंचित उघडून. किती प्रेम होतं त्या बघण्यात! साइमीला वाटलं, ही नाही घेतली तर मी हिला म्हणतेय, की तू जे महिने घालवलेस ते खोटे. आणि घेतली तर… घेतली तर उद्याही घ्यावी लागेल. आणि परवा. आणि थांबायचं त्या दिवशी पुन्हा हेच गुडघे, हाच काळा फोन. थांबायचा दिवस कधीतरी येणारच. तो डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवशी आला काय आणि सहा दिवसांनी आला काय, त्या दिवशी आपण एकटेच असणार. हे तिला असं शब्दांत नाही कळलं. तळहात घामेजला आणि गोळीचा रंग हाताला लागला, तेव्हा कळलं.

“मावशी,” ती म्हणाली, “तुला ह्यांनी बरं वाटायचं?”

मावशीचं तोंड मिटलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर मेंढ्या कुंपणाशी उभ्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून.

“नाही,” मावशी म्हणाली. मग बाहेर बघतच, “पण तो डॉक्टर दर आठवड्याला फोन करायचा. कशी आहेस, विचारायचा. इथल्यांनी कधी विचारलं?”

“मला विचारलं इथल्यांनी.”

“तुला विचारतील. तुझा चट्टा दिसला ना.” मावशीचा आवाज चढला. “माझा कुठे होता, मलाच माहीत नाही! पाठीवर असेल, मानेवर असेल. त्या वर्षी तुझा काका नुकताच गेला होता सोडून. एकट्या बाईच्या पाठीकडे कोण बघतंय? गोचीड तिथे महिनाभर झोपडी बांधून राहिली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.” आणि आपल्याच बोलण्यावर तिला हसू आलं, एका बाजूनं, आणि दुसऱ्या बाजूच्या डोळ्यातून पाणी आलं.

साइमीनं गोळी बशीत ठेवली. बशीत ठेवली म्हणजे परत केली असं होऊ नये म्हणून तिनं ती बशीच्या अगदी मध्यावर ठेवली. “मी नाही घेत, मावशी,” ती म्हणाली. “रागावू नकोस. तुझं खोटं होतं म्हणून नाही. माझा लवकर सापडला म्हणून. मी इतकी… मला इतकं नशीबवान वाटतं ना, की भीतीच वाटते. आणि मला ह्या पायांनी पळायचंय. सारखं त्यांच्याकडे कान लावून नाही बसायचं.”

मावशी उठली. तिनं सुपाचं भांडं बेसिनमध्ये ठेवलं, ठेवलं कसलं, आदळलं. नळ सोडला. नळ बंद केला. “म्हातारी झालीस तू एका महिन्यात,” ती पाठमोरीच म्हणाली. “जाताना ती पिशवी घेऊन जा. शहरातल्या औषधाच्या दुकानात परत घेतात, टाकून देतात ते. वाटेत खाऊ नकोस म्हणजे झालं.”

“खाल्लीच तर दुधाबरोबर खाईन,” साइमी म्हणाली.

“आगाऊ कार्टी!” मावशी म्हणाली, आणि ओला हात पुसायचा टॉवेल तिच्या अंगावर भिरकावला. “चल, पोहायला. ऊन आहे तोवर.”

सप्टेंबरचं पाणी. साइमी धक्क्यावरून उडी टाकून किंचाळली ती पलीकडच्या बेटावर ऐकू गेली असेल. थंडीनं आधी श्वास काढून घेतला आणि मग एकदम दुप्पट परत दिला. आणि पाय मारताना, त्या काळ्याशार पाण्यात आपले दोन पांढुरके पाय खाली हलताना दिसले, तेव्हा ती त्यांच्याकडे कान लावायला विसरली. किती वेळ विसरली, कुणास ठाऊक. विसरणं असं मोजता येत नाही. आठवल्यावरच कळतं, की मधे विसरलो होतो. आणि तेव्हा तिला इतका आनंद झाला, की त्या आनंदाला कुणाचे तरी आभार हवे होते. बीटच्या पिशवीवाल्या बाईंचे, माशांच्या मोज्यांचे, आईच्या पेनाचे, दुधाला पुरून उरलेल्या त्या बिचाऱ्या गोळ्यांचे. एवढ्या सगळ्यांनी मिळून आपल्याला इथे ह्या पाण्यात आणून सोडलं. मावशी आवाज न करता पाण्यात उतरली, दहा हात पोहली आणि आवाज न करता बाहेर आली. ती अशीच पोहते, समुद्रावर बर्फ धरेपर्यंत रोज.

धक्क्यावर वारा होता. मावशी पोहण्याच्या पोशाखातच उभी राहून टॉवेल शोधत होती.

“मावशी, वळ,” साइमी म्हणाली.

“कशाला?”

“वळ ना.”

मावशी वळली. साइमीनं तिचे ओले केस मानेवरून वर उचलून धरले. आधी कानांच्या मागे, मग मानेच्या खळीत, मग खांद्यांवर ती बघत गेली. पाठ रुंद होती, मेंढ्या कातरणाऱ्या बाईची, तिच्यावर वांगाचे ठिपके होते, पट्ट्यांचे पांढरे माग होते, कांजिण्यांचा एक जुना खड्डा होता. ही पाठ आपण जन्मापासून दर शनिवारी सौनात पाहत आलो आहोत, जुडीनं झोडपत आलो आहोत, आणि तरी आज पहिल्यांदा बघतोय, असं तिला वाटलं. ती मोठ्यानं म्हणत गेली, “तीळ. तीळ. डास चावलाय. तीळ. ओरखडा, हा काटेरी तारेचा.” वाकून गुडघ्यांच्या मागे पाहिलं. तिथे निळ्या शिरा होत्या, बारीक, फाट्याफाट्यांच्या.

“काही नाही,” साइमी म्हणाली. “स्वच्छ आहे सगळं.”

मावशी वळली नाही. टॉवेल तिच्या पायाशी पडला होता, तो तिनं उचलला नाही.

“खांद्याच्या पात्याखाली बघितलंस?” तिनं विचारलं. “डाव्या. तिथे माझा हात पोचत नाही.”

“बघते.”

“सावकाश बघ,” मावशी समुद्राकडे तोंड करून म्हणाली. तिच्या सगळ्या पाठीवर काटा उभा राहिला होता. “मला थंडी नाही वाजत.”